सकाळचे हात, दुपारचे हात

सकाळी सहाला उठलं की मी आधी गॅस पेटवते. पाण्याचं पातेलं नवऱ्याने आदल्या दिवशीच भरून ठेवलेलं असतं, कारण भरलेलं पातेलं उचलणं आता माझ्याच्याने होत नाही. शेगडीचं बटण मी बोटांनी नाही, तळहाताच्या कडेने फिरवते. पाणी कोमट झालं की गॅस बंद करून दोन्ही हात त्यात बुडवते आणि ओट्याशी उभी राहते. पंधरा-वीस मिनिटांनी बोटं थोडी वाकतात. मूठ मात्र वळत नाही. मूठ वळायला दहा-साडेदहा वाजतात, आणि त्या वर्षी माझी ड्यूटी आठला सुरू व्हायची.

जे झालं ते या दोन-अडीच तासांमुळे झालं. सगळं लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. लिहायलाही हातच लागतात, म्हणून राहून गेलं.

मी केळीची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. नशिराबादच्या पुढे, हायवेपासून जरा आत, दोन भावांनी काढलेली लहानशी प्रयोगशाळा आहे, रोजचं काम बघायला एक मॅडम आहेत. केळीच्या कंदाच्या पोटातला कोवळा कोंब काढायचा आणि तो काचेच्या बाटलीत, जेलीसारख्या खाद्यावर वाढवायचा. महिन्याभरात एकाचे चार-पाच होतात. ते कापून पुन्हा नव्या बाटल्यांत लावायचे. असं सात-आठ वेळा झालं की त्यांना मुळं फुटू द्यायची आणि मग ती रोपं शेडमध्ये जातात. तिथून ती असोद्याच्या, रावेरच्या, यावलच्या मळ्यांत जातात. बाहेरून बघणाऱ्याला काम नाजूक आणि आरामाचं वाटतं. पांढरा कोट, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, एसीची हवा.

आम्ही बायका काचेच्या उघड्या कपाटासारख्या टेबलापुढे बसतो. त्यातून गाळलेली स्वच्छ हवा सतत अंगावर येत असते, म्हणजे बाहेरची धूळ आत जात नाही. एका हातात लांब चिमटा, दुसऱ्या हातात ब्लेड. बाटलीचं झाकण फिरवून उघडायचं, बाटलीचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं, कोंब काढायचे, कापायचे, नव्या बाटलीत उभे करायचे, झाकण घट्ट फिरवून बसवायचं. शेवटी बाटलीवर मार्करने तारीख आणि आपला नंबर लिहायचा. नंबर अशासाठी, की आठ-दहा दिवसांनी एखाद्या बाटलीत बुरशी धरली तर ती कोणाच्या हातची हे कळावं. बुरशी कापसाच्या बोंडासारखी पांढरी फुटते आणि एका बाटलीतून दुसरीत पसरायला वेळ लागत नाही. म्हणून आमच्याकडे माणसाच्या नावापेक्षा त्याचा नंबर मोठा. माझा नंबर सात होता.

या कामापर्यंत मी कशी आले ते सांगायला हवं, नाहीतर मी पुढे जे लपवलं ते का लपवलं हे कळणार नाही. माझं माहेर पारोळ्याजवळच्या एका खेड्यात. वडील बाजार समितीत पोती उचलायचे, आई कापूस वेचायला आणि निंदायला जायची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी वडिलांना घरी येऊन सांगितलं, की हिला धुळ्याला पाठवा, हॉस्टेलचा फॉर्म मी भरते. त्यांनी फॉर्म भरला आणि मला सोडायला स्वतः एसटीने धुळ्याला आल्या. बी.एस्सी. झाले ते त्या बाईंमुळे, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला सुट्टीतही मायक्रोस्कोपला हात लावू देणाऱ्या सरांमुळे. नोकरी लागली तेव्हा आई गावात सांगत होती, पोरगी सावलीत काम करते, खुर्चीवर बसून. ज्या बाईने पस्तीस वर्षं उन्हात वाकून काढली, तिच्या दृष्टीने खुर्ची आणि सावली म्हणजे किती, हे मला कळत होतं. ती खुर्ची जाऊ द्यायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुखणं सुरू झालं ते एका दिवाळीनंतर. आधी उजव्या हाताची दोन बोटं सकाळी ताठ राहायला लागली. मला वाटलं फराळाच्या चकल्या पाडून झालं असेल. मग डावा हात, मग दोन्ही मनगटं, मग पायाचे तळवे. अंगठी निघेना, ती सोनाराकडून कापून घेतली. जळगावात एका डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या, त्या असेपर्यंत बरं वाटायचं. शेवटी धुळ्याला संधिवाताच्या डॉक्टर आहेत असं कळलं, तिथे गेले. धुळं निवडण्यामागे दुसरंही कारण होतं. जळगावच्या दवाखान्यात प्रयोगशाळेतलं कोणीतरी भेटलंच असतं.

डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट बघून नीट समजावून सांगितलं. हा म्हातारपणाचा, झिजेचा संधिवात नाही. शरीराची राखण करणारी जी यंत्रणा असते ती चुकून आपल्याच सांध्यांवर उठते. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू केली, अधूनमधून रक्त तपासायचं, लवकर थकवा येईल तो खरा समजायचा, आळस समजायचा नाही. हे शेवटचं वाक्य मला तेव्हा फारसं कळलं नाही. नंतर कळलं. हा थकवा झोपून जात नाही. सकाळी उठतानाच माणूस दिवसभराचं काम करून आल्यासारखा असतो. रविवारी गोळी घ्यायची आणि सोमवारी पोटात ढवळत कामाला जायचं, असं ठरून गेलं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर जी बसायची ती असोद्याची होती. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी, बारावी झालेली, नंबर एकोणीस. घरची थोडी केळी होती, पण दीर-जावांच्या मोठ्या घरात तिला स्वतःचं असं हे एकच काम होतं. रोज नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून यायची आणि उतरताना त्याला एक तरी टोमणा मारायची. मी तिला अक्का म्हणायची. तिचे हात मशीनसारखे चालायचे. आम्ही दोघी एकाच टेबलावर बसायचो, कारण टेबल दोघींच्या रुंदीचं होतं.

माझ्या हातांचं तिला कोणी सांगितलं नाही. तिने एका सकाळी मला झाकण दातात धरून उघडायला निघालेलं पाहिलं. मास्क खाली ओढला होता मी. तिथे तसं करणं म्हणजे देवघरात चप्पल घालून जाण्यासारखं.

"काय करू राह्यली वं माय?" ती हळूच म्हणाली. "वर कर तो मास्क."

मी मास्क वर केला. तिने माझा हात आपल्या हातात घेऊन बोटं दाबून पाहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"असं किती दिसापासून?"

"दिवाळीपासून."

"कोणाले सांगितलं?"

"कोणाला नाही. अक्का, तुम्हीही सांगू नका. वर्षाचं काँट्रॅक्ट आहे, मॅडम पुढचं करणार नाहीत."

माझ्यापुढचा बाटल्यांचा ट्रे ओढून तिने आपल्याकडे घेतला, झाकणं फटाफट उघडली, कापायला लागली. ट्रे भरला तेव्हा मार्कर घेऊन प्रत्येक बाटलीवर सात लिहिलं आणि ट्रे माझ्या ट्रॉलीवर ठेवला.

"दुपारी तुहे हात चालतात ना? मग दुपारी माह्ये करून दे. निंदायले नही का जात आपण एकमेकीच्या? आज तुह्या वावरात, उद्या माह्या."

मला हे इतकं साधं आणि बरोबर वाटलं, की त्यात चूक काही आहे हे मनातही आलं नाही. आईने जन्मभर हेच केलं होतं. कोणाला ताप आला, कोणी बाळंतीण असली, की शेजारची तिची ओळ धरायची. ओळ निंदून झाली की झालं, ती कोणी निंदली हे वावराला काय करायचं आहे. आम्ही दोघी तशाच वाढलेल्या. बाटली म्हणजे ओळ नाही, हे आमच्या ध्यानात आलं नाही.

असे सहा-सात महिने गेले. सकाळी ती आधी माझ्या वाटणीचं आणि मग स्वतःचं थोडं करायची, माझ्या बाटल्यांवर सात लिहायची. मी त्या वेळात पानं निवडणं, चिमटे पुसणं, रजिस्टर भरणं अशी हलकी कामं करायची, म्हणजे बसून राहिल्यासारखं दिसत नसे. साडेदहा वाजले की बोटं सैल व्हायची. जेवणानंतर मी तिच्या वाटणीचं उरलेलं करायची आणि त्या बाटल्यांवर एकोणीस लिहायची.

उन्हाळ्यात मला बरं गेलं. आत एसीने हात गारठायचे, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर यायची. बाकी सगळ्या शेडच्या सावलीत डबे उघडून बसायच्या आणि मी वॉचमनच्या खोलीच्या पत्र्याच्या दाराला दोन्ही तळहात लावून उभी. दार तव्यासारखं तापलेलं. जळगावचं ऊन, मे महिना, माणसं घराबाहेर पडत नाहीत, आणि मला त्या दाराचा मोह सुटत नसे. वॉचमन एकदा म्हणाला, "ताई, भाकरी टाकता का दारावर?" अक्का सावलीतूनच ओरडली, "टाकू दे, तुले बी देईन एक." सगळ्या हसल्या. मीही हसले. कोणालाच खरं कळलं नाही.

अक्का दुसऱ्या बाजूने उपचारही करायची. आपल्या घरच्यांचे सगळे उपाय तिने मला सांगून झाले. मोहाचं तेल चोळ, एरंडाचं पान शेकून बांध, आंबट सोड. मी सगळं थोडंथोडं करून पाहिलं. एक मात्र तिने स्वतःच रद्द केलं. वातावर वांगं वर्ज्य असं तिची सासू म्हणायची. मी डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, खा की. मी हे अक्काला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. असोद्याचं भरीत सोडाचं म्हटलं तर माणूस दुखणं घेऊन जगलेलं बरं."

मग पावसाळा आला आणि माझं दुखणं उसळलं. मनगटं सुजली. आता दुपारीही बोटांत पकड राहीना. चिमटा कसाबसा धरता यायचा, कापणंही जमायचं, पण झाकण फिरवून घट्ट करताना अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ यायची की श्वास अडकायचा. मी तळहात झाकणावर दाबून मनगटानेच ते फिरवायला शिकले. झाकण बसल्यासारखं दिसायचं. अक्का सुरुवातीला माझी झाकणं एकदा फिरवून बघायची. पुढे तिला वेळ होईना, आणि मीच म्हणाले, राहू द्या, बसतात आता.

मी तेव्हा हे खोटं म्हणून बोलले नाही. मला तिच्यावर आणखी भार नको होता.

पावसाळ्यात हवेतच बुरशी जास्त असते. वाढीच्या खोलीत, जिथे रॅकवर ट्यूबलाइटखाली बाटल्या ठेवतात, तिथे दर सोमवारी तपासणी व्हायची. खोलीच्या दारावर एक फळा होता. त्यावर सगळ्यांचे नंबर आणि पुढे बाद बाटल्यांचा आकडा. एका सोमवारी एकोणीसच्या पुढे मोठा आकडा आला. पुढच्या सोमवारी त्याहून मोठा. सातच्या पुढे दोनच.

मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं. त्या पुण्याला शिकलेल्या, कामात कडक, पण कधी कोणाचा अपमान करणाऱ्या नव्हत्या.

"एकोणीस नंबर, काय चाललंय? तुमचा हात असा कधी नव्हता."

अक्का म्हणाली, "पाहते मॅडम. पावसाचं असंल."

"पाऊस सगळ्यांनाच आहे. सात नंबरलाही आहे."

मी फळ्याकडे बघत राहिले. त्या बाद झालेल्या बाटल्या माझ्या हातच्या होत्या, आणि सात नंबरच्या स्वच्छ बाटल्या तिच्या हातच्या. हे मला त्या क्षणी पूर्ण कळलं. तिलाही कळलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याच दिवशी तिला टेबलावरून उठवून बाटल्या धुण्याच्या शेडमध्ये पाठवलं. काँट्रॅक्ट संपायला दीड महिना होता. मॅडम म्हणाल्या, पुढचं तेव्हा बघू. धुण्याच्या शेडमध्ये दिवसभर सोड्याच्या पाण्यात हात असतात. बाद बाटल्या उकळून त्यातली कुजकी जेली ओतून काढायची, वास डोक्यात बसतो. ती तिथे गेली आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली.

मी जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये गेले.

"अक्का, मी मॅडमना सांगते."

"कायले? तुले बी काढतीन, मले बी काढतीन. नंबर म्याच लिहिले ना तुहे. दोघी जाऊ काय घरी?" तिने ब्रश आपटून पाणी झटकलं. "तू गप राह्य. माह्यं मी पाहीन."

मी गप्प राहिले. तिने सांगितलं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. त्यात मला सोयीचं किती होतं हे मला माहीत होतं.

तिच्याशिवाय माझ्या सकाळी कशा गेल्या ते सांगत नाही. मी साडेसातला येऊन स्वच्छतागृहात गरम पाण्याच्या नळाखाली हात धरून उभी राहायची. माझ्या बाटल्या निम्म्यावर आल्या. मॅडमना वाटलं, जोडीदारीण गेल्यामुळे माझं मन लागत नाही. आणि चार दिवसांनी त्यांनी दोन नव्या मुली माझ्या टेबलाशी आणून उभ्या केल्या.

"यांच्याकडे बघा. सात नंबरच्या बाटल्या या वर्षी सगळ्यांत स्वच्छ आहेत. हात कसे ठेवायचे, झाकण कसं लावायचं, नीट बघून घ्या."

मुली वही घेऊन बसल्या. मी त्यांना झाकण लावून दाखवलं. त्यातल्या एकीने ते हातात घेऊन सहज फिरवलं, आणि ते आणखी अर्धा फेरा आत गेलं. ती नवीन होती, तिला वाटलं असेल असंच असतं.

त्या रविवारी मला धुळ्याला तपासणीला जायचं होतं. डॉक्टरांनी मनगटं पाहिली आणि गोळीचा डोस वाढवला. मग विचारलं, "कामावर सांगितलंत का?"

"नाही."

"मागच्या वेळी मी पत्र दिलं होतं. सकाळी उशिरा काम सुरू करू द्यावं, पकडीचं काम कमी द्यावं."

"पर्समध्ये आहे."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या रागावल्या नाहीत, थकल्यासारख्या दिसल्या. बाहेर तीस-चाळीस माणसं बसलेली होती. "पत्र पर्समध्ये ठेवून सांधे बरे होत नाहीत," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

परतताना मी पारोळ्याला उतरून माहेरी गेले. आई ओसरीवर शेंगा निवडत होती. ती शिकलेली नाही, आमच्या अहिराणीतच बोलते. मी तिला सगळं सांगितलं, हात, बाटल्या, नंबर, अक्का. तिला प्रयोगशाळा काय हे नीट माहीत नाही, म्हणून बाटली म्हणजे काय आणि नंबर कशाला, हे दोनदा सांगावं लागलं.

ती ऐकून म्हणाली, "तुना हात दुखतस, हाई काय चोरी शे का? सांगी टाक ना." हात दुखणं ही काय चोरी आहे, सांगून टाक.

"हात दुखणं चोरी नाही गं. तिच्या नंबरवर माझं काम टाकलं, ते."

आई म्हणाली, तीही वीस वेळा दुसरीच्या ओळीत निंदली आहे. पण एकदा तिच्या हाताने कापसाचं रोपच उपटलं गेलं आणि मालकाने ज्या बाईची ओळ होती तिला शिव्या घातल्या. "मंग मी उभी ऱ्हायनू. सांगं, मनाकडतीन व्हयनं." मी उभी राहिले, माझ्याकडून झालं असं सांगितलं.

"मग?"

"मंग काय, माले शिव्या दिन्यात." ती हसली. "तो मालक शिव्या देताच जगे."

एवढंच बोलणं झालं. संध्याकाळच्या एसटीने मी परत आले.

सोमवारी सकाळी मी टेबलावर बसलेच नाही. तशीच मॅडमच्या केबिनमध्ये गेले. पर्समधून पत्र काढायला मला वेळ लागला, चेन ओढता येईना. मॅडम बघत होत्या. त्यांनी हात पुढे करून चेन उघडून दिली. मग मी उभ्याने सगळं सांगितलं. सात नंबरच्या सकाळच्या बाटल्या कोणी केल्या, एकोणीसच्या दुपारच्या कोणी, झाकणं सैल का राहिली.

त्यांनी आधी पत्र वाचलं नाही. आधी विचारलं, "किती महिने?"

"आठ झाले असतील."

"म्हणजे आठ महिन्यांचं तुम्हा दोघींचं रेकॉर्ड खोटं आहे."

मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या हळू आवाजात बोलत होत्या, ते जास्त जड गेलं. त्यांनी मला समजावलं, की नंबर नुसता शिक्षेसाठी नसतो. कोणत्या बाटलीत काय झालं याचा माग त्यानेच लागतो. झाकणं सैल आहेत हे कळायला त्यांना दोन आठवडे लागले, त्या बाटलीतल्या खाद्यात दोष शोधत होत्या, हवेच्या फिल्टरमध्ये शोधत होत्या. तेवढ्यात शेजारच्या रॅकवरच्या किती चांगल्या बाटल्या गेल्या. "मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी तुमची वेळ बदलून दिली असती," त्या म्हणाल्या. खरंच दिली असती की नाही हे मला सांगता येत नाही. त्यांनाही बहुधा येत नसेल. पण विचारलंच नाही, तर नाही म्हणायची संधीसुद्धा मी त्यांना दिली नव्हती.

मग त्यांनी पत्र वाचलं. दोन वेळा वाचलं.

अक्काला बोलावलं. ती ओल्या हातांनी, गमबूट घालून दारात उभी राहिली. मॅडमनी तिला विचारलं, हे खरं आहे का. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगूनच बसली का वं तू." मग मॅडमला म्हणाली, "खरं हाये. पयले म्याच म्हटलं तिले."

दोघींनाही लेखी ताकीद मिळाली. दोघींच्या नंबरच्या रॅकवरच्या सगळ्या बाटल्या पुन्हा एकेक करून तपासायच्या ठरल्या, आणि ज्यांचं झाकण सैल त्या बाद. ते काम आम्हालाच दिलं. तीन दिवस आम्ही दोघी त्या खोलीत समोरासमोर होतो. ती झाकण फिरवून बघायची, मी बाटली उजेडाला धरून तळ बघायची. पहिले दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. सैल झाकण लागलं की नुसती बाटली बाजूला ठेवायची. किती ठेवल्या ते मी मोजलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सांगितलं त्याचा राग नही मले. म्या गप राह्य म्हटलं, अन् तू खरंच गप राहिली. सहा दिवस. त्याचा हाये."

मी बाटली उजेडाला धरली.

मॅडमनी तिला टेबलावर परत घेतलं, काँट्रॅक्टही पुढे चालू राहिलं. माझंही राहिलं, पण टेबलाचं काम गेलं. मला वाढीच्या खोलीत तपासनीस म्हणून नेमलं. वेळ साडेदहा ते सहा. झाकण उघडायचं नाही, कापायचं नाही, फक्त बाटल्या बघायच्या आणि बाद झालेल्यांची नोंद करायची. माझ्यासाठी खूप आहे हे, मी कृतज्ञ आहे, आणि हे मी मनापासून लिहिते आहे. पण पहिल्या आठवड्यात, टेबलाशी बसलेल्या बायकांच्या मागून जाताना मला आतून रिकामं वाटायचं. बारा वर्षं ते एक काम मला चांगलं येत होतं. आता ते मला फक्त बघता येतं. संध्याकाळी सहाला मी बसस्टॉपवर पोचते तेव्हा अंगात त्राण नसतं. नुसतं उभं राहून आणि बघून माणूस इतकं कसं थकतं, असं घरचे विचारतात. मी समजावणं सोडून दिलं आहे.

नवीन कामाच्या दुसऱ्या महिन्यात, एका सोमवारी, तिसऱ्या रॅकवर मला एक बाटली दिसली. तळाशी कोंबाच्या बाजूला नखाएवढा पांढरा पुंजका. मी ती उजेडाला धरली, फिरवली. नंबर एकोणीस. तारीख नवी, मी टेबल सोडल्यानंतरची.

एका बाटलीने काही होत नाही, प्रत्येकीच्या एक-दोन निघतातच. तरी मी ती हातात घेऊन तशीच टेबलांच्या खोलीच्या काचेपाशी गेले. ती आत काम करत होती. तिच्या शेजारच्या खुर्चीवर आता त्या नव्या मुलींपैकी एक बसते. मी काचेवर टकटक केलं आणि बाटली वर धरली.

ती उठून दारापर्यंत आली. मास्क न काढता, बाटली हातात न घेता, नुसती वाकून बघत राहिली. मग तिने झाकण माझ्या हातातच दोन बोटांनी फिरवून पाहिलं. ते हललं नाही, घट्ट होतं.

"झाकणाचं नही हे," ती म्हणाली. "माह्या हाताचंच हाये. लिहून घे."

मी रजिस्टर उघडलं आणि तिच्या नंबरपुढे एक लिहिलं. ती ते लिहून होईपर्यंत थांबली, मग आत जाऊन बसली.